मांजराच्या वाटीतले पाणी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, आणि त्यात आम्हांला गैर काही वाटत नाही. ज्या व्यासपीठावरून गीता, राज्यघटना आणि सहकार यांवर बोलले जाते, तेथे मांजराच्या वाटीतल्या पाण्यावर बोलायचे म्हणजे सभेची थट्टाच, असे कोणी म्हणेल. पण आपल्या घरचा व्यवहार पाहा. माठ आपण आठवड्याला धुतो, तांब्याची कळशी चिंचेने घासतो, मुलाची दुधाची बाटली उकळून घेतो. मांजराच्या वाटीत मात्र पाणी उणे झालेले दिसले की वरून भर घालतो. सोमवारच्या पाण्यावर मंगळवारचे, मंगळवारच्या पाण्यावर बुधवारचे. अशी ही वाटी महिनोन् महिने कधी पुरती रिकामीच होत नाही. आमचा आजचा सगळा मुद्दा या भर घालण्याविषयी आहे.

आधी मांजराची तहान समजून घेऊ. मांजर हे मूळचे रुक्ष प्रदेशातले जनावर. जगभरच्या पाळीव मांजरांचे पूर्वज पश्चिम आशियातील रानमांजर होते, हे २००७ साली जनुकांच्या अभ्यासावरून दाखवण्यात आले. अशा मुलखात वाढलेल्या प्राण्याला पाण्यामागे धावून चालत नाही. तो आपले पाणी शिकारीतून मिळवतो. उंदराच्या शरीरात शेकडा सत्तरच्या आसपास पाणीच असते. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि त्याचे मूत्र फार घट्ट असते. चार किलो वजनाच्या मांजराला अन्नातले धरून दिवसाला सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी पुरते. पण आता आपली मांजरे उंदीर कोठे खातात? पाकिटातले कोरडे दाणे खातात, ज्यांत पाणी शेकडा दहाच्या आतबाहेर. म्हणजे निसर्गाने ज्याला वाटीची सवय लावली नाही, त्याला आपण वाटीवर अवलंबून ठेवले. त्या वाटीला वास आला की मांजर हुंगते आणि निघून जाते. आपण म्हणतो, लाड जास्त झाले. मूत्र घट्ट राहिले की त्यात रेती धरण्याची भीती वाढते, आणि बोक्याची मूत्रनलिका तर फारच अरुंद. ती तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. बोका वारंवार बसतो आहे, कण्हतो आहे आणि थेंबही होत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये, त्याच घटकेला पशुवैद्याकडे न्यावे.

आता पाणी नासते कसे? नळातून येते तेव्हा ते बहुधा स्वच्छ असते. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरावे लागते. हा पहारेकरी उघड्या वाटीत फार काळ टिकत नाही. काही उडून जातो, काही धूळ आणि लाळ यांच्याशी झुंजण्यात खर्ची पडतो. मग मांजर येते. त्याचे पिणे मोठे पाहण्यासारखे असते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतील संशोधकांनी ते वेगवान चित्रणाने टिपून २०१० साली प्रसिद्ध केले. कुत्रा जिभेचा चमचा करून पाणी उपसतो. मांजर जिभेचे टोक पृष्ठभागाला नुसते टेकवते, झटकन वर उचलते, आणि तिच्याबरोबर वर चढलेला पाण्याचा बारीक स्तंभ पडण्याच्या आत तोंड मिटते. एका सेकंदात असे तीन-चार वेळा, आणि दर खेपेला जेमतेम थेंब-दोन थेंब. इतक्या नाजूक रीतीने पिणारा प्राणी पाणी घाण करील असे वाटत नाही. पण हीच जीभ दिवसभर अंग चाटते, पंजे चाटते, शेपटीखालीही चाटते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू सर्रास असतात. लुई पाश्चर यांच्या नावावरून त्यांना हे नाव पडले. शिवाय आतड्यातले जंतूही त्या जिभेवरून वाटीत उतरतात.

अनुकूल सकस द्रवात, शरीराच्या उष्णतेला, आतड्यातला ई. कोलाय हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या हिशेबाने एकाचे सात तासांत वीस लाखांवर होतील. वाटीतले निव्वळ पाणी इतके सकस नसते, म्हणून तेथे असे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. जंतूंच्या नावाने भीती घालून टाळ्या मिळवणे सोपे असते. पण त्याच वाटीत सकाळी दूध दिलेले असले, दाण्यांचा चुरा पडला असला, वैशाखातला उकाडा असला, तर जंतूंना जेवण आणि ऊब दोन्ही मिळतात.

तरीही खरे बिऱ्हाड पाण्यात नसते. ते वाटीच्या अंगाला असते. दोन दिवस न घासलेल्या वाटीच्या आतून बोट फिरवून पाहा. जो बुळबुळीत थर लागतो, तो जंतूंनी आपल्याभोवती केलेल्या चिकट द्रव्याचा असतो. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. या थराचा पहिला प्रत्यय डेल्फ्टच्या लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याला आला. त्याने आपल्या दातांवरचे किटण स्वतः घडवलेल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यातल्या वळवळणाऱ्या जीवांविषयी १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिले. त्याने व्हिनेगरने चुळा भरूनही पाहिल्या. बाहेरचे जीव मेले, किटणाच्या आतले खुशाल जिवंत राहिले! वाटीतही हेच घडते. शिळे पाणी ओतून ताजे भरले, तरी थर जागच्या जागी असतो आणि त्यातून नव्या पाण्यात पुन्हा जंतू सुटतात. आपल्या भाषेत विसळणे आणि घासणे असे दोन निराळे शब्द आहेत, आणि आपल्या आज्यांना त्यांतला भेद पक्का ठाऊक होता. वाटी विसळून भागत नाही.

कधी वाटीच्या कडेला गुलाबी कडे धरते. बहुधा हा सेराशिया नावाचा जंतू. इटलीत १८१९ साली पादुआजवळ मक्याच्या लापशीवर रक्तासारखे डाग पडू लागले, तेव्हा लोकांनी भुताटकी मानली. बिझिओ नावाच्या औषधशास्त्रज्ञाने ते डाग एका सजीवाचे आहेत हे दाखवून दिले. आपल्याकडे न्हाणीघरातल्या बादलीलाही तो रंग दिसतो. भुताटकी नाही, पण न घासल्याची खूण आहे.

यातून मांजर रोज आजारी पडते काय? नाही. धडधाकट मांजराचे जठर पुष्कळ जंतू पचवते. झळ लागते ती लहान पिल्लांना, थकलेल्या मांजरांना, आणि घरात कर्करोगावर उपचार घेणारे कोणी असेल, रांगते मूल असेल, तर त्यांना. अमेरिकेत २०११ साली एन. एस. एफ. या संस्थेने बावीस कुटुंबांतल्या वस्तू तपासल्या, तेव्हा जंतूंच्या बाबतीत पाळीव प्राण्यांच्या भांड्याचा क्रमांक चौथा लागला. पहिला होता भांडी घासायच्या स्पंजाचा. म्हणजे मांजराची वाटी घरच्याच घासणीने घासली, तर दोघांची ओळख आपणच करून दिली. वाटीला निराळी घासणी ठेवावी, आणि वाटी घासून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

वाटी कशाची असावी, असे नेहमी विचारतात. स्टीलची बरी. प्लास्टिकला चरे पडतात आणि चऱ्यांत थर बसतो. करवंटी आणि मातीचे परळ सच्छिद्र असतात. तांब्यात जंतू मारण्याचा गुण आहे, पण त्याला काही तास लागतात, आणि आतून थर चढला की धातूचा पाण्याशी संबंधच उरत नाही. साबणाने घासावी, भरपूर पाण्याने धुवावी, जमल्यास कढत पाणी ओतावे आणि उन्हात कोरडी होऊ द्यावी. एक वाटी उन्हात आणि एक वापरात, अशा दोन असल्या की सोय होते. मात्र फिनेल वाटीजवळ आणू नये. काळ्या फिनेलमधली फिनॉलजातीची द्रव्ये मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत; पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारते तीही जवळजवळ याच कारणाने.

पावसाळ्यात वाटी अंगणात राहू देऊ नये. रात्री तीतले पाणी उंदीर-घुशीही पितात आणि जाता जाता त्यात मुततात. लेप्टोस्पायरा हे जंतू त्या वाटेने येतात. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत त्यांनी घातलेला धुमाकूळ अनेकांना आठवत असेल. मांजर त्याने क्वचितच आजारी दिसते; वाटी उचलणाऱ्या हाताला जखम असेल तर धोका त्या माणसाला.

सध्याच्या दिवसांत पुष्कळ दयाळू मंडळी फाटकाबाहेर भटक्या मांजरांसाठी आणि पाखरांसाठी पाण्याची भांडी ठेवतात. ही पाणपोईची चाल फार चांगली आहे. पण त्या भांड्यांत रोज भर पडते, घासणे कोणाकडेच नसते. प्रत्येकाला वाटते की शेजारी घासत असेल. संकुलातल्या चार घरांनी वार वाटून घ्यावेत, भांडे उथळ आणि सावलीत ठेवावे, आणि भरण्यापूर्वी उरलेले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकावे.