पाथेय

संस्कृतात वाटेवरच्या शिदोरीला 'पाथेय' असा एक सुंदर शब्द आहे. जुन्या काळचा यात्रेकरू घरून निघे, तेव्हा त्याच्या गाठोड्यात दशम्या असत, लसणीची चटणी असे, मेतकुटाची पुरचुंडी असे. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलेले असल्यामुळे ती मऊ राही आणि साध्या भाकरीपेक्षा अधिक दिवस पुरे. तरी चार दिवसांनी ही शिदोरी संपेच. तेव्हापासून परमुलखातील माणसे जे खात, त्यावर त्याला निर्वाह करावा लागे. त्याच्या खऱ्या प्रवासाला तेथून आरंभ होई, असे म्हणावयास हरकत नाही.

आजचा तरुण प्रवासी पाठीवर पिशवी टाकून नेपाळ, श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम असे देश महिनेच्या महिने पाहत हिंडतो. त्याच्या खिशातील पैसे मात्र मोजके असतात. गाडीभाडे ठरलेले, मुक्कामाचे भाडेही जवळजवळ ठरलेले. तेव्हा काटकसर करावयाची ती पोटातच, अशी त्याची समजूत होते. मग दुपारच्या जेवणाच्या जागी बिस्किटांचा पुडा येतो, रात्री चहावर भागते, आणि पंधरा दिवसांत अंगातले त्राण नाहीसे होते. दुसरा प्रवासी याच्या उलट वागतो. तो प्रत्येक गावी ओळखीची चव शोधीत फिरतो आणि घरच्यासारख्या वरणभातासाठी दुप्पट दाम मोजतो. या दोघांचा गैरसमज मुळात एकच आहे. स्वस्त अन्न म्हणजे निकृष्ट अन्न, असे दोघेही धरून चालतात.

ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. परदेशवारीसाठी निघालेल्या पुष्कळ मराठी तरुणांना परवान्याच्या कामासाठी काही दिवस दिल्लीत काढावे लागतात. बेळगाव, मिरज, पुणे या मार्गाने येणारी गोवा एक्स्प्रेस त्यांना हजरत निजामुद्दीन स्थानकावर उतरवते. तेथून मेट्रोने यमुना ओलांडली की पुढचेच स्थानक मयूर विहार. मोठ्या हॉटेलांच्या नव्या दिल्लीपेक्षा नदीपलीकडची ही वस्ती अल्प मिळकतीच्या पाहुण्याला अधिक मानवते.

मयूर विहारचा पहिला टप्पा मुख्यतः 1980 नंतरच्या दशकात उभा राहिला. सरकारी नोकर, शिक्षक, पत्रकार अशा लोकांनी सहकारी गृहसंस्था काढून येथे घरे बांधली. मल्याळी, तमिळ, बंगाली, गढवाली अशी नाना प्रांतांची कुटुंबे येथे शेजारी म्हणून नांदतात. उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर हे मल्याळी लोकांचे प्रसिद्ध देवस्थान येथेच आहे. लगतच 1975-76 च्या सुमारास वसवलेली त्रिलोकपुरी ही श्रमिकांची मोठी वसाहत आहे. जेथे मध्यमवर्ग आणि कष्टकरी असे जवळजवळ राहतात, तेथे थोड्या पैशांत पोटभर जेवण मिळाल्यावाचून राहत नाही. कारण दिवसभर ओझे वाहणाऱ्या, भिंती रचणाऱ्या माणसाला बिस्किटांवर राहणे परवडत नाही.

तो काय खातो, हे पाहावे. सकाळी दहाच्या पुढे रस्त्याच्या कडेला सायकलीवर पितळेचे मोठे भांडे ठेवून छोले-कुलचेवाला उभा असतो. दुपारी एखाद्या टपरीवर राजमा-चावल किंवा कढी-चावल तयार असते. बिहारमधून आलेला मजूर फुटाण्याचे पीठ, म्हणजे सत्तू, पाण्यात कालवून त्यात मीठ, कांदा आणि लिंबू घालतो आणि दुपारपर्यंत निर्धास्त होतो. सत्तूला चूल लागत नाही, भांडे एकच लागते आणि पिशवीत ते महिनाभर राहते. मराठी यात्रेकरूच्या मेतकुटाचा हा बिहारी भाऊबंदच म्हणावयाचा.

या पदार्थांत एक सूत्र आहे. कुलचा गव्हाचा, छोले हरभऱ्याचे. चावल तांदळाचा, राजमा कडधान्याचा. तांदूळ-गहू यांच्या प्रथिनांत लायसीन या घटकाची उणीव असते. डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. डाळींत मेथिओनीन कमी पडते, ते धान्यातून मिळते. दोन्ही एका दिवसाच्या आहारात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. हे शास्त्र विसाव्या शतकात उमगले. वरण-भात आणि डाळ-रोटी हे त्यापूर्वीच ताटात आले होते. गरिबाच्या स्वयंपाकाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून जे सिद्ध केले, ते प्रवाशाला आयते मिळते. त्याने ते नुसते ओळखावयाचे असते.

याला दुधाची जोड मिळाली तर सोन्याहून पिवळे. दूध महापूर योजनेच्या काळात, 1974 मध्ये, मदर डेअरीची स्थापना झाली, आणि तिचा पटपडगंज येथील प्रकल्प मयूर विहारपासून हाकेच्या अंतरावर आहे. वस्तीतील दूधकेंद्रांवर यंत्रातून सुटे दूध मिळण्याची सोय या संस्थेनेच दिल्लीकरांच्या अंगवळणी पाडली. आपले भांडे घेऊन जाणाऱ्याला ते पिशवीतील दुधापेक्षा स्वस्त पडते. याच संस्थेची 'सफल' नावाची भाजी-फळांची दुकानेही जागोजागी आहेत. याखेरीज दिल्लीच्या वस्त्यांतून संध्याकाळी आठवडी बाजार भरतात. हिवाळ्यात तेथे गाजर, मटार, मुळा, पेरू यांचे ढीग लागतात. उन्हाळ्यात काकडी, खरबूज, कलिंगड येते. ज्या ऋतूत जे उदंड, ते त्या ऋतूत स्वस्त आणि रसरशीतही. शिवाय बाजार उठता उठता भाव उतरतात, हे दिल्लीतही तितकेच खरे आहे जितके साताऱ्यात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्वस्तपणाच्या मोहात प्रकृती गमावणे हा सर्वांत महागडा व्यवहार होय. ज्या टपरीवर माणसांची रीघ आहे, जेथे अन्न डोळ्यांदेखत उकळत किंवा भाजत आहे, तेथे खावे. चिरून ठेवलेली फळे आणि सकाळपासून निवत पडलेले पदार्थ टाळावे. पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेलेच प्यावे. इतके करूनही पोट बिघडलेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे घेत राहावे, आणि त्रास न थांबल्यास वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. आजारपणात एक आठवडा गेला, तर महिनाभराची काटकसर वाया जाते.

मयूर विहारमध्ये शिकलेला हा धडा पुढे सर्व आशियात उपयोगी पडतो. नेपाळमध्ये डाळ-भात मागितला की डाळ, भात आणि भाजी बहुधा पुन्हापुन्हा वाढतात. डोंगर चढणाऱ्या हमालाचे तेच बळ आहे. श्रीलंकेत दुपारी भात आणि दोन-तीन कालवणे यांची बांधलेली पुडी कचेरीतला कारकून घेतो, तीच प्रवाशाने घ्यावी. थायलंडमध्ये शिजवलेली कालवणे ओळीने मांडलेली असतात. बोट दाखवावे, भातावर वाढून मिळते. इंडोनेशियात भाताबरोबर सोयाबीन आंबवून केलेले तेंपे असते. धान्य आणि कडधान्य यांचीच ही जोडी, वेष तेवढा पालटलेला. सिंगापूरने तर फिरत्या विक्रेत्यांना पाणी आणि स्वच्छतेची सोय असलेल्या सार्वजनिक भोजनगृहांत जागा दिल्या. त्या संस्कृतीची नोंद 2020 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

शाकाहारी प्रवाशानेही धीर सोडू नये. थायलंडमध्ये 'जे' आणि व्हिएतनाममध्ये 'चाय' हा शब्द त्याने लक्षात ठेवावा. व्हिएतनामी 'चाय' म्हणजे चहा नव्हे. बौद्ध परंपरेतील शाकाहाराला तेथे हे नाव आहे, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तेथील अनेक भाविक कुटुंबे तसाच आहार घेतात. एकादशी पाळणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

आता राहिला प्रश्न विनामूल्य अन्नाचा. दिल्लीत बंगला साहिब आणि सीसगंज या गुरुद्वारांत रोज हजारो माणसे लंगरात जेवतात. महाराष्ट्राला ही प्रथा नांदेडमुळे परिचित आहे. आणि ज्या गुरू ग्रंथ साहिबापुढे ही माणसे मस्तक नमवतात, त्यात संत नामदेवांची 61 पदे आहेत. जुन्या काळच्या कित्येक अन्नछत्रांत जात विचारून पान मांडले जाई. लंगरात राजा आणि रंक एकाच पंक्तीत जमिनीवर बसतात, आणि नाव, गाव, धर्म काहीही विचारले जात नाही.

नेमके याच कारणासाठी तेथे विवेक हवा. पैसे वाचवण्याची युक्ती म्हणून रोज दोन्ही वेळा लंगरात जाणे आणि हात धुऊन चालते होणे, याला कोणी अडवणार नाही. परंतु न विचारणाऱ्या यजमानापुढे पाहुण्याची जबाबदारी वाढते. लंगरातील पोळ्या लाटणारे, भांडी घासणारे हात पुष्कळसे स्वेच्छेने आलेल्यांचे असतात. भुकेल्याने अवश्य जेवावे. परंतु जेवल्यावर घटकाभर त्या हातांत आपले हात मिळवावे. जे अन्न पैशाने विकत मिळत नाही, त्याचे मोल श्रमाने द्यावे लागते.

या बाबतीत एका मराठी प्रवाशाचे चरित्र फार बोलके आहे. गोव्यातील सांखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी ज्ञानाच्या ओढीने 1899 मध्ये घर सोडून निघाले. जवळ द्रव्य नव्हते. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बुद्धाच्या धर्माचा शोध घेत ते नेपाळात गेले, सिंहलद्वीपात गेले, ब्रह्मदेशात गेले. भिक्षूची दीक्षा घेतल्यावर पात्रात जे पडेल ते, मध्यान्हापूर्वी, असा त्यांचा आहार झाला. भाषा, हवा, चव, सारेच परके होते. त्या दिवसांची हकीकत 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे.

अनोळखी गृहस्थांनी घातलेल्या त्या भिक्षेची फेड कोसंबींनी कशी केली? कलकत्ता विद्यापीठातील जागा सोडून, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा 50 रुपयांवर, स्वभाषेच्या प्रदेशात राहून ग्रंथ लिहिण्याचे त्यांनी पत्करले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली, आणि बुद्धाचे चरित्र व उपदेश मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला. परदेशातील दारोदार मिळालेले मूठमूठ अन्न असे अखेर विद्येच्या रूपाने महाराष्ट्राच्या घरी आले.

प्रत्येक प्रवाशाला इतकी मोठी फेड साधणार नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. श्रमिकांच्या टपरीवर त्यांच्या वेळी, त्यांच्यासारखे जेवावे. ताटात वाढून घेतलेले टाकू नये. सांगितलेला दाम घासाघीस न करता द्यावा. आणि घरी परतल्यावर आपल्या दारी कोणी परमुलखातला वाटसरू आला, तर त्याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये. एवढे ज्याला जमले, त्याचे पाथेय कधी सरत नाही.