सन्मान आणि सोंग

17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. त्याआधी, 1946 साली, आपल्या धर्माबादलगतच्या बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांनी हौतात्म्य पत्करले. हुतात्मा सन्मानासाठी अर्ज करीत नाही.

पुढे 1972 मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. भूमिगतांची दप्तरी नोंद सहसा नसते. म्हणून तुरुंगवास भोगलेल्या सहकाऱ्याचे प्रमाणपत्र पुरावा मानले गेले. योजना विश्वासावर उभी होती. सुरुंग लागला तो विश्वासालाच. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायमूर्ती पालकर आयोगाला दावे तपासावे लागले.

तोतयाने केवळ तिजोरी लुटली नाही. खऱ्या सैनिकालाही त्याने संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले. उलट ज्यांनी कर्तव्याचे मोल कधी मागितले नाही, असे कितीतरी जण नोंदीविनाच गेले. ती पिढी आता जवळजवळ सरली आहे. घराघरांतील जुने कागद आणि वृद्धांच्या आठवणी पडताळून लिहून ठेवणे, हे आपले काम आहे. मौन राखणाऱ्यांची नोंद समाजाने केली नाही, तर इतिहास मोठ्या आवाजाचाच होतो.