शस्त्रक्रियेतील चुका आणि रुग्णाचे हक्क
(व्याख्यानाचा मजकूर)



शस्त्रक्रियेच्या टेबलावर मनुष्य बेशुद्ध असतो. त्या घटकेला आपल्या देहाची राखण दुसऱ्याच्या हाती सोपविण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. म्हणूनच डॉक्टर व रुग्ण यांचे नाते मूलतः विश्वासाचे आहे. परंतु विश्वास ठेवला म्हणून विचारण्याचा हक्क संपत नाही.

औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील सन १९६३ ची घटना सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रसूतीसाठी शासकीय रुग्णालयात दाखल झालेल्या एका महिलेवर १३ जुलै रोजी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर तीव्र ज्वर व असह्य वेदना सुरू झाल्या. १९ जुलै रोजी जखम पुन्हा उघडली असता पोटात रक्त टिपण्याचे फडके राहिल्याचे आढळले. २४ जुलै रोजी त्या माउलीचे निधन झाले. कुटुंबीयांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा कायम केली. पोटात राहिलेले फडके हाच निष्काळजीपणाचा बोलका पुरावा असून शासकीय रुग्णालयातील अशा चुकीची जबाबदारी शासनावर येते, असे त्या निकालाने स्पष्ट केले. मात्र घटनेपासून त्या निकालापर्यंत ३३ वर्षे लोटली होती.

येथे विवेक हवा. उपचार अयशस्वी झाला म्हणजे डॉक्टर दोषी ठरतो, असे नाही. सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने घ्यावयाची वाजवी काळजी घेतली होती की नाही, हे न्यायालय पाहते. फौजदारी गुन्ह्यासाठी तर घोर निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे.

दुसरा प्रश्न संमतीचा. २००८ सालच्या एका निकालात, केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचे गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढल्याबद्दल डॉक्टरला भरपाई द्यावी लागली. रुग्ण सज्ञान असेल आणि प्राणावर बेतलेले नसेल, तर त्याची स्वतःचीच संमती हवी. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. शस्त्रक्रिया कोणती, धोके कोणते, अन्य पर्याय कोणते, हे आधी विचारून घ्यावे.

१९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. सर्वांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालये त्यातून वगळली आहेत. परंतु काहींकडून शुल्क घेऊन इतरांना मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयातील मोफत रुग्णही दाद मागू शकतो. धर्मादाय रुग्णालये चालविणाऱ्या विश्वस्तांनी याची विशेष नोंद घ्यावी. दान म्हणून दिलेल्या उपचारातही काळजी पूर्णच असली पाहिजे.

सध्या २०१९ चा ग्राहक कायदा लागू आहे. तक्रार साधारणतः दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती रुग्णाच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते. दिलेले शुल्क पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला फी नाही. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाविषयीची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. महिलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

या सर्वांचा पाया म्हणजे कागद. मीटर-दोन मीटर कापडाचे बिल जपून ठेवणारी माणसे रुग्णालयाचे कागद मात्र घरी आल्यावर रद्दीत टाकतात. केसपेपर, शस्त्रक्रियेची नोंद, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड व पावत्या एका फाईलमध्ये लावाव्यात. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणे, हे २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरचे कर्तव्य आहे. ही मागणी लेखी करावी व पोच घ्यावी.

दुःखाच्या भरात रुग्णालयाची मोडतोड करणे वा डॉक्टरवर हात उगारणे सर्वथा निंद्य आहे. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो गुन्हा ठरतो, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. शिवाय त्या गोंधळात खरी तक्रारही बुडून जाते.

चूक घडल्यावर दाद मागण्यापेक्षा ती टाळणे केव्हाही श्रेयस्कर. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक छोटी तपासयादी दिली. रुग्ण तोच का, शस्त्रक्रियेची जागा तीच का, हे आरंभी पडताळायचे आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी उपकरणे व फडकी मोजायची. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. 'आपल्याकडे ही यादी वापरतात का?' एवढा एक नम्र प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक कुटुंबाने विचारावा. प्रामाणिक डॉक्टरला त्याचा राग येणार नाही. १९६३ साली ते फडके कोणी मोजले असते, तर एक माता आपल्या बाळाला घेऊन घरी परतली असती.