बेटांच्या अन्नाचा प्रश्न

जालना जिल्ह्यांतील जाफराबाद हें तालुक्याचें गांव खेळणा आणि पूर्णा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे. समुद्र तेथून शेंकडों किलोमीटर दूर. अशा गांवाचें नांव घेऊन महासागरांतील चिमुकल्या बेटांच्या शेतीची गोष्ट आरंभावी, हें कोणास विचित्र वाटेल. परंतु १९७२ सालच्या दुष्काळांत मराठवाड्याच्या चुलीपर्यंत समुद्र येऊन पोंचला होता, ही गोष्ट त्या पिढींतील माणसें विसरलेलीं नाहींत. ज्वारीचें पीक करपलें, कणग्या रिकाम्या झाल्या, आणि रेशनच्या दुकानांत अमेरिकेहून जहाजानें आलेला तांबडा मिलो मिळूं लागला. त्याची भाकर कोणास गोड लागली नाहीं. तरी तिनेंच पुष्कळांचे प्राण तगले. ताटांतला घास परक्या बंदरांतून सुटलेल्या जहाजावर अवलंबून असणें म्हणजे काय, याचा अनुभव जाफराबादसारख्या गांवांना वर्षा-दोन वर्षांपुरता आला. जगांत कांहीं राष्ट्रें अशीं आहेत कीं, त्यांचें रोजचें जीवनच त्या रीतीनें चालतें.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यवहारांत ‘लहान बेटांचीं विकसनशील राष्ट्रें’ या सदरांत ३९ देश मोडतात. त्यांच्या लहानपणाची कल्पना यावी म्हणून श्रोत्यांनीं एक माप मनांत धरावें. जालना जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें ७,७०० चौरस किलोमीटर आहे. मॉरिशसचें सारें राज्य सुमारें २,०४० चौरस किलोमीटरचें, म्हणजे या एका जिल्ह्याच्या जवळजवळ चौथाईएवढें. मालदीवचीं हजाराहून अधिक बेटें एकत्र केलीं तरी जमीन भरते ती सुमारें ३०० चौरस किलोमीटर. पॅसिफिक महासागरांतील तुवालू हें स्वतंत्र राष्ट्र तर अवघें २६ चौरस किलोमीटरांचें आहे.

परंतु प्रश्न केवळ जमीन थोडी असण्याचा नाहीं. मालदीव किंवा तुवालू यांची भूमि पोंवळ्यांच्या चुऱ्याची आहे. तिच्यांत काळ्या मातीसारखा कस नाहीं, आणि नदी तर नाहींच. पावसाचें गोडें पाणी वाळूंत मुरतें आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षां हलकें असल्यामुळें त्याच्यावर पातळ थराच्या रूपानें तरंगत राहतें. त्या थरावर विहिरी चालतात आणि झाडें जगतात. तुवालूच्या लोकांनीं या थरापर्यंत खड्डे खणून, त्यांत पालापाचोळ्याचें खत भरून, पुलाका नांवाचा अळूच्या जातींतला मोठा कंद पिढ्यान्‌पिढ्या पिकविला आहे. ज्या पूर्वजांनीं ही युक्ति शोधून काढली, त्यांची बुद्धि लहान नव्हती. पण समुद्राची पातळी वाढत असतां, मोठ्या उधाणाच्या वेळीं खारें पाणी या खड्ड्यांत शिरतें आणि कंद कुजतो. एकदां जमिनींत शिरलेलें मीठ धुऊन जाण्यास पुष्कळ पाऊस आणि पुष्कळ काळ लागतो. २६ डिसेंबर २००४ रोजीं आलेल्या समुद्रलाटेनें मालदीवच्या कित्येक बेटांवरील शेतांची व विहिरींची हीच दशा केली.

मॉरिशसची गोष्ट याहून निराळी आहे, आणि ती मराठी माणसास अधिक जवळची आहे. हें बेट ज्वालामुखीच्या खडकाचें; माती सुपीक, पाऊस चांगला. तेथें उपासमारीची भीति कां असावी, असें प्रथमदर्शनीं वाटतें. उत्तर बेटाच्या इतिहासांत सांपडतें. डच लोकांनीं १६३९ सालीं जावा बेटांतून तेथें ऊंस आणला. पुढें फ्रेंचांनीं व त्यांच्यामागून १८१० सालीं आलेल्या इंग्रजांनीं तो वाढविला. गुलामगिरी नष्ट होण्याच्या सुमारास मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन निघालेलें ‘ॲटलस’ जहाज पोर्ट लुई बंदरास लागलें. पुढील पाऊणशें-ऐंशीं वर्षांत साडेचार लाखांवर हिंदी माणसें करारानें त्या बेटावर उतरलीं. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत कोंकणांतील व आसपासच्या मुलुखांतील मराठी कुटुंबें होतीं. त्यांचे वंशज आजही तेथें मराठी शिकतात, आणि गणेशचतुर्थीस त्या राष्ट्रांत सार्वजनिक सुटी असते.

या मजुराच्या करारांत एक कलम लक्षांत घेण्याजोगें होतें. मासिक पांच रुपये वेतनाशिवाय त्यास तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा मिळावयाचा असे. तो तांदूळ बेटावर पिकत नसे. तो हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्याकडून जहाजानें येई. जो मनुष्य दिवसभर उत्तम जमिनींत राबे, त्याच्या हातून त्याच्या ताटांत पडणारें कांहींच पिकत नव्हतें. लागवडीखालची बहुतेक सारी जमीन उंसानें व्यापली, आणि साखर बाहेर व धान्य आंत हाच त्या बेटाचा जीवनक्रम ठरला.

यांत केवळ मळेवाल्यांचा लोभ होता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. एका एकरांतील साखरेच्या किंमतींत जितका तांदूळ विकत मिळे, तितका त्याच एकरांत पिकत नसे. शिवाय वादळांच्या टापूंत उभ्या राहणाऱ्या पिकांत ऊंस चिवट; तो आडवा झाला तरी पुष्कळदां मुळाशीं जिवंत राहतो. हिशेब चुकीचा नव्हता. मात्र जहाज नेहमीं येतच राहील, हें त्या हिशेबांत गृहीत धरलेलें होतें.

तें जहाज १९४२ सालीं यावयाचें थांबलें. जपानी सैन्यानें ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. त्याच घटनेचा एक आघात पुढील वर्षीं बंगालच्या भीषण दुष्काळांत भर घालून गेला. दुसरा हजारों मैल दूर मॉरिशसवर पडला. तेथील सरकारनें मळेवाल्यांना उंसाच्या जमिनीचा कांहीं भाग मका, कंद वगैरे खाण्याच्या पिकांस देण्याची सक्ति केली. पण भाताची संवय असलेल्या लोकांना मका शिजविण्याची रीतही ठाऊक नव्हती. लोक दुर्बळ झाले आणि रोगराई वाढली. संकट आल्यावर पीक बदलतां येतें. त्याचें बीं, त्याची राखण आणि त्याचा स्वयंपाक हीं एका हंगामांत शिकतां येत नाहींत.

दुसरा धडा वाऱ्यानें शिकविला. १९६० सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीस ‘कॅरॉल’ नांवाचें चक्रीवादळ बेटावरून गेलें. हजारों घरें उध्वस्त झालीं, आणि त्या सालचें साखरेचें उत्पन्न आदल्या सालाच्या निम्म्याहूनही खालीं आलें. जो देश साखर विकून तांदूळ घेतो, त्याचें एका रात्रींत पीकही जातें आणि धान्य घेण्याचें द्रव्यही जातें. मराठवाड्यांत पाऊस रुसला तर विदर्भांत किंवा पंजाबांत तो पडलेला असतो, आणि आगगाडी धान्य घेऊन येते. बेटास असा शेजार नाहीं.

तिसरा धडा बाजारानें दिला. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजीं स्वतंत्र झालें. १९७५ सालापासून युरोपीय राष्ट्रें दरसाल सुमारें पांच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावानें घेऊं लागलीं. त्या पैशावर शाळा उभ्या राहिल्या, कापडाचे कारखाने निघाले. परंतु २००६ ते २००९ या काळांत युरोपनें तो भाव ३६ टक्क्यांनीं उतरविला आणि जुना करार संपला. लहान शेतकऱ्यांना ऊंस परवडेना. पुष्कळांनीं तो सोडला, आणि कांहीं जमिनी पडीत राहिल्या. आज हें राष्ट्र दरिद्री नाहीं. तरीही त्याच्या अन्नापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश बाहेरून येतें.

समुद्र हेंही बेटाचें एक शेत आहे, आणि तेंही सुरक्षित नाहीं. २५ जुलै २०२० रोजीं ‘वाकाशियो’ नांवाचें मोठें जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळाच्या बांधावर चढलें. पुढें त्यांतील तेल उथळ पाण्यांत पसरलें, आणि तेथील कोळ्यांची मासेमारी थांबली.

आतां या कथेंत भारताचा जो वाटा आहे, त्याचाही विचार केला पाहिजे. १३ मे २०२२ रोजीं भारतानें गव्हाच्या निर्यातीस बंदी केली, आणि २० जुलै २०२३ रोजीं बिगर-बासमती पांढऱ्या तांदुळाच्या. देशांतील भाव चढूं नयेत हा हेतु होता, आणि शहरांतील गृहिणीस तो योग्यच वाटला. पण पोर्ट लुईमधील गृहिणीस तीच बातमी निराळी ऐकूं आली. पुढें सरकारी वाटाघाटींनीं मॉरिशसकरितां १४,००० टन तांदुळाची परवानगी मिळाली. आणि २०२४ च्या सप्टेंबरांत ती तांदूळबंदी उठली. ८ डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद होती, तेव्हांही मॉरिशसला मोजकाच कांदा विशेष परवानगीनें गेला. त्या बंदीनें महाराष्ट्रांतील कांदेवाला शेतकरी भाव पडून हळहळला, आणि बेटावरील घरांत कांदा महागला. म्हणजे एकाच हुकमानें पिकविणारा आणि खाणारा असे दोघेही दूरदूरच्या ठिकाणीं बसून दुखावले गेले. मोठ्या देशाचें दार लागतें, तेव्हां त्याचा आवाज लहान देशाच्या स्वयंपाकघरांत अधिक मोठा येतो.

मग बेटांनीं करावें काय? सारें धान्य घरीं पिकविणें त्यांस शक्य नाहीं, आणि तसा हट्ट धरणें शहाणपणाचेंही नाहीं. पण कांहीं तरी आपलें असावें, एवढें करतां येतें, आणि तें केलेंही जात आहे. मॉरिशसच्या शेतकऱ्यांनीं उंसाच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेंत बटाट्याचें पीक घेण्याची पद्धत बसविली. ऊंस वाढून सांवली पडण्यापूर्वीं बटाटा निघतो. त्याच राज्यांतील रॉड्रिग्ज बेटावर बायका उथळ समुद्रांत अष्टपाद जलचर पकडतात. तो नाहींसा होऊं लागला, तेव्हां २०१२ सालापासून दरसाल कांहीं आठवडे ती शिकार बंद ठेवण्याचा नियम झाला, आणि बंदी उठल्यावर पूर्वीपेक्षां मोठे जीव हातीं लागूं लागले. सामोआ बेटांत १९९३ सालीं अळूच्या पानांवर करप्याचा रोग येऊन मुख्य अन्नच बुडालें. कारण सर्वत्र एकच आवडता वाण लावलेला होता. मग इतर बेटांवरील व आशियांतील वाणांशीं संकर करून नवे, रोगास टिकणारे वाण निर्माण करण्यांत आले. आज फिजीमधील सुवा येथें पॅसिफिक राष्ट्रांनीं मिळून अळूचे शेंकडों वाण जतन करून ठेवले आहेत. बियाण्याची किंमत जालना जिल्ह्यास सांगावयास नको. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यास बियाण्यांचा उद्योग आरंभिला, आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

या साऱ्या उपायांचें सार तीन गोष्टींत सांगतां येईल. एक, रोज लागणारें थोडें तरी घरच्या मातींतून यावें. दोन, धान्याचा सांठा असावा आणि तें पुरविणारे दरवाजे एकाहून अधिक असावेत. तीन, एकाच पिकावर व एकाच वाणावर सर्व भरंवसा ठेवूं नये.

हे तीन नियम जाफराबादच्या शेतकऱ्याचे आजे-पणजे पाळीत असत. ज्वारीच्या पाट्यांत तुरीची ओळ असे, कडेस अंबाडी असे. चांगल्या सालचें धान्य पेवांत घालीत, आणि बीं निराळें राखून ठेवीत. आज त्याच शिवारांत मुख्यतः कापूस, सोयाबीन व मका उभीं असतात. तीं विकून पैसा घ्यावयाचा आणि पैशानें धान्य घ्यावयाचें, असा क्रम झाला आहे. शेतकऱ्याचा हिशेब मॉरिशसच्या हिशेबासारखाच बरोबर आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें माणशीं दरमहा पांच किलो धान्याचा आधारही गरीब कुटुंबांस आहे. परंतु घरची कणगी गेली कीं, खेडेंही हळूहळू एक बेट होतें. कोरड्या भूमीनें वेढलेलें, एवढाच फरक.

शहरांतील श्रोत्यांनीं स्वतःच्या घराकडेही या दृष्टीनें पाहावें. मुंबई तर मूळचें बेटच आहे. तेथें धान्याचा दाणा पिकत नाहीं, आणि तरीही तेथील माणूस सकाळीं जहाजाची वाट पाहात उठत नाहीं. याचें कारण त्या बेटाच्या पाठीशीं जाफराबादसारखे शेंकडों तालुके उभे आहेत. तुवालूस असें कांहीं नाहीं, मॉरिशसलाही नाहीं. ही पाठची जमीन हेंच शहराचें खरें धान्यकोठार होय, आणि तें फुकट राखलें जात नाहीं. ज्वारी पिकविणाऱ्यास तिचा खर्च भरून येईल असा भाव मिळाला, तर ती पेरली जाईल. न मिळाला तर त्या जागीं दुसरें कांहीं उभें राहील, आणि त्याबद्दल शेतकऱ्यास दोष देतां येणार नाहीं. धान्य थोडें महागलें कीं बंदीची मागणी करणें सोपें असतें. त्या बंदीनें कोणत्या शेतांतील पेरा बदलतो आणि कोणत्या बेटावरील चूल मंदावते, हेंही शहरांतील सुशिक्षित घरांनीं विचारांत घेतलें पाहिजे.