६० विजय आणि वर न जाणारा हात

हेडफोन लावलेत ना? आज क्रिकेट नाही, बेसबॉल. त्यात चेंडू टाकणारा तो पिचर. आपला बोलरच समजा, फक्त सहा चेंडू टाकून त्याला ओव्हर सोडता येत नाही.

साल १८८४. अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स शहर, क्लबचं नाव ग्रेज. मुख्य पिचर दोनच, चार्ल्स रॅडबर्न आणि चार्ली स्वीनी. दोघांचं अजिबात पटत नव्हतं. जुलैमध्ये क्लबने रॅडबर्नला निलंबित केलं. थोड्याच दिवसांत स्वीनी चालू सामन्यातून निघून गेला आणि त्याची हकालपट्टी झाली. झालं! आता टाकणार कोण?

इथे एक नियम लक्षात घ्या, रिझर्व्ह क्लॉज. सीझन संपला तरी खेळाडू त्याच क्लबच्या ताब्यात. मालकाने सोडल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. लिलाव वगैरे काही नाही.

रॅडबर्न हा ब्लूमिंग्टनचा, आधी खाटीककाम केलेला गडी. त्याने सरळ सौदा केला. उरलेल्या सीझनचा भार मी उचलतो, पण जास्त पैसे द्या आणि शेवटी मला या क्लॉजमधून मोकळं करा.

मग काय झालं? सीझनभरात त्याने ७३ सामने सुरू केले आणि ७३ च्या ७३ स्वतःच संपवले. ६७८ इनिंग्ज! आज एखाद्या पिचरने वर्षात २०० टाकल्या तरी कौतुक होतं. विजय किती? काही नोंदी ५९ म्हणतात, काही ६०. असं सांगतात, की सकाळी केस विंचरायलाही त्याचा हात वर जात नसे. ग्रेजनी लीग जिंकली. मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सना ३-० हरवलं, तिन्ही सामन्यांत पिचर हाच.

मोकळा झाला, तरी १८८५ मध्ये तो ग्रेजकडूनच खेळला. त्यानंतर क्लबच बंद पडला. १८९१ मध्ये तो निवृत्त झाला आणि गावी दारूचा गुत्ता चालवू लागला. शिकारीतल्या अपघातात एक डोळा गेला. १८९७ मध्ये, फक्त ४२ व्या वर्षी, तो वारला. १९३९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं.

लोक याला जिद्दीची गोष्ट म्हणतात. आहेच. पण मला त्यात किंमत दिसते. स्वतःच्या मर्जीने क्लब निवडता यावा, एवढ्यासाठी माणसाने उजवा हात पणाला लावला. आणि सुटला तो एकटाच. बाकीच्यांसाठी हा क्लॉज मोडायला १९७५ उजाडलं.

तुम्हाला काय वाटतं, सौदा परवडला का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!