मद्यपी चालक, कायदा आणि बचावाचा हक्क

(पुरुषोत्तमनगर, ता. शहादे, जि. नंदुरबार येथे ऊस-वाहतूक कामगार, चालक व कार्यकर्ते यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गळीत हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याचे रूप पालटते. फडातून भरून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मालमोटारी आणि बैलगाड्या रात्रंदिवस कारखान्याच्या वाटेला लागतात. काट्यापुढे रांगा लागतात आणि थंडीच्या रात्री चालक त्या रांगेत तासन् तास ताटकळतो. त्याची कमाई खेपेवर ठरते. म्हणजे रांगेत गेलेला वेळ त्याच्या खिशातून जातो आणि परतीच्या वाटेवर वेगाने भरून काढावा लागतो. अशा रात्री थंडी व झोप घालवण्यासाठी चालक दारूचा आधार घेतो, तेव्हा त्यामागे केवळ चैन नसते, हे कबूल केले पाहिजे. परंतु ते कबूल केल्याने रस्त्याच्या कडेने पायी चाललेल्या मजुराचा जीव स्वस्त ठरत नाही. दारू पिऊन वाहन चालवणे हा श्रमिकाने श्रमिकावर केलेला अपराधही असू शकतो. या प्रश्नाचा विचार येथून सुरू केला तरच तो प्रामाणिक होईल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८५ नुसार वाहन चालवणाऱ्याच्या किंवा चालवू पाहणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हेल्मेट नसल्याचा दंड जसा जागेवर भरून मोकळे होता येते, तसे या गुन्ह्यात होता येत नाही. न्यायालयापुढे उभे राहावेच लागते.

चालकांमध्ये एक समज रूढ आहे. गुन्हा कबूल करावा, दंड भरावा आणि दुसऱ्या दिवशी कामावर जावे, म्हणजे वकिलाचा खर्चही वाचतो आणि रोजही बुडत नाही. हा समज घातक आहे. याच कायद्याचे कलम २० सांगते की, १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवलेच पाहिजे. दंडाची पावती हाती घेऊन बाहेर पडलेला चालक परवाना आत ठेवून बाहेर पडलेला असतो. ज्याची मोटार ही हौस आहे, त्याला या सहा महिन्यांत दुसरा चालक ठेवता येतो. ज्याचे पोट चाकावर चालते, त्याचा मात्र संपूर्ण हंगाम जातो. दोघांनाही लागू होणारे कलम एकच असते; त्याचा भार मात्र एकसारखा पडत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवले जाते की, दहा हजारांची किंमत प्रत्येकाला दहा हजारच नसते. दंडविधान हा धडा अद्याप शिकलेले नाही.

मग चालकाला बचावाचा हक्क आहे की नाही? आहे, आणि तो कोणाच्या कृपेने मिळालेला नाही. कायद्यानेच पुराव्याची एक शिस्त घालून दिली आहे. संशयास वाजवी कारण असेल तर गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा परिवहन खात्याचा अधिकारी यंत्रात फुंकावयास सांगू शकतो, हे कलम २०३ म्हणते. यंत्राने मद्यार्क दाखवला तर अटक होऊ शकते. त्यानंतर नोंदणीकृत डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेण्याची तरतूद कलम २०४ मध्ये आहे. अटकेपासून दोन तासांच्या आत ही वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास आरोपीला कोठडीतून मुक्त करावे लागते. मुक्त होणे म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावा. तसेच वाजवी कारणाशिवाय तपासणीस नकार देणे हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. असा नकार कलम २०५ नुसार न्यायालयात फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देऊ शकतो.

ही शिस्त का हवी, याचे उत्तर महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका जुन्या खटल्यात सापडते. तोंडाला वास येत होता, पावले डळमळत होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या होत्या, एवढ्यावरून एक चालक नशेत होता असा निष्कर्ष काढण्यात आला होता. रक्ताची किंवा लघवीची तपासणी झालीच नव्हती. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष ग्राह्य धरला नाही. वास हा संशय उत्पन्न करतो, प्रमाण सिद्ध करत नाही. दमलेला, जागरणाने डोळे तारवटलेला कष्टकरी माणूस दारू न पिताही झिंगल्यासारखा दिसू शकतो. आणि आदिवासी माणूस दिसला की तो प्यालेलाच असणार, हा पूर्वग्रह या भागाला नवीन नाही. अशा माणसासाठी कुपीतील रक्त हाच खरा साक्षीदार असतो. म्हणून काटेकोर तपासणीचा आग्रह ही गुन्हेगाराची पळवाट नसून निरपराध माणसाची ढाल आहे.

परंतु हीच ढाल कोणाच्या हाती किती बळकट होते, हे पाहिले म्हणजे व्यवस्थेचे वर्गस्वरूप उघडे पडते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तेथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण मृत्युमुखी पडले आणि आठ जखमी झाले. चालक अ‍ॅलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. सत्र न्यायालयाने त्याला निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली. सात मजुरांच्या प्राणांची ही किंमत पाहून समाज हादरला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षा अपुरी आहे, असे त्या न्यायालयालाही वाटले. परंतु ती वाढवावी म्हणून राज्य सरकारने अपीलच केले नव्हते. मृत मजुरांच्या वतीने बोलण्याचे काम ज्या सरकारचे होते, तेच गप्प राहिले.

दुसरे उदाहरणही वांद्र्याचेच आहे. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे एका बेकरीसमोर पदपथावर झोपलेल्या कामगारांवर अभिनेते सलमान खान यांची मोटार गेली. एक कामगार ठार व चार जखमी झाले. रक्ततपासणीत ६२ मिलिग्रॅम मद्यार्काची नोंद झाली होती. निकाल यायला १२ वर्षांहून अधिक काळ लागला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मोटार तेच चालवत होते आणि ते मद्य प्यालेले होते, या गोष्टी निःसंशयपणे सिद्ध झाल्या नाहीत, असे न्यायालय म्हणाले. रक्ताचा नमुना कसा घेतला, कोठे ठेवला आणि कसा पाठवला, यातील उणिवांवरही त्या निकालात बोट ठेवले गेले. पुरावा संशयातीत असला पाहिजे, या तत्त्वाविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती पुरावा सांभाळता न आलेल्या यंत्रणेविरुद्ध.

तिसरे उदाहरण ताजे आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन दिला. घातलेल्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना पोलिसांनी अटक केली. या आरोपांचा निर्णय न्यायालयच करील. परंतु एवढे मात्र स्पष्ट आहे की, या गुन्ह्याचा सगळा न्याय एका काचेच्या कुपीवर अवलंबून असतो. तिच्यावरची मोहोर पैशाने तुटू शकत असेल, तर कलमातील शिक्षा कितीही वाढवल्या तरी त्या व्यर्थ आहेत.

येथे दोन प्रकारचा बचाव वेगळा ओळखला पाहिजे. पुरावा तपासून पाहणे हा बचाव झाला. पुरावा नाहीसा करणे हा अपराध झाला. श्रीमंताला पहिलाही परवडतो आणि प्रसंगी तो दुसराही विकत घेऊ पाहतो. गरिबाला पहिल्याचीही माहिती नसते. समाजवादी माणसाची मागणी बचाव कमी करा अशी असता कामा नये. बचावाचा हक्क सर्वांना सारखा मिळावा आणि पुरावा सर्वांपासून सारखाच सुरक्षित राहावा, अशी ती असली पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल किंवा पावरा चालक या तरतुदीत बसतो. ही गोष्ट त्याला अटकेच्या रात्री पोलीस ठाण्यातच कळली पाहिजे. दंड भरून परवाना गेल्यावर कळून उपयोग नाही.

दारू पिऊन केलेल्या अपघातात माणूस मेला, तर प्रश्न कलम १८५ वर थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि आपल्या कृत्याने मृत्यू संभवतो याची जाणीव सिद्ध झाली, तर सदोष मनुष्यवधाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. विम्याचाही भरवसा राहत नाही. चालक नशेत असेल तर मोटारीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते आणि त्यासाठी १८५ खालील दोषसिद्धीची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. मृताच्या वारसांना कंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायाधिकरणे देतात. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या लहान मालकाचे घर अशा एका वसुलीत बसते. शिवाय राज्याच्या सीमा येथून जवळ आहेत. पलीकडे गुजरातेत दारूबंदी असल्याने केवळ पिणे हाच वेगळा गुन्हा ठरतो, हे त्या बाजूला वाहन नेणाऱ्याने विसरू नये.

आणि मालकाचे, मुकादमाचे काय? चालक प्यालेला आहे हे दिसत असताना ‘खेप चुकवू नकोस’ असे म्हणून त्याला रस्त्यावर काढणारा माणूस कायद्याच्या बाहेर नाही. कलम १८८ नुसार १८५ च्या गुन्ह्यास प्रोत्साहन देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. हे कलम पुस्तकात आहे. ते वापरण्याची इच्छा मात्र हवी. सरकारचीही गोष्ट वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा महसूल बुडेल या धास्तीने अनेक राज्यांनी महामार्गांची नावेच बदलण्याचा उद्योग आरंभला. पुढे २०१७-१८ मध्ये तो आदेश बराच सैल झाला. जी तिजोरी प्रत्येक पेल्यामागे कर घेते, तिनेच चालकाला नीतीचा उपदेश करावा, यातील विसंगती लपत नाही.

शहाद्याच्या मातीला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. १९७२-७३ च्या सुमारास येथील श्रमिक चळवळीतील आदिवासी स्त्रियांनी दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे नेले आणि मडकी फोडली. त्यांनी कलमांची वाट पाहिली नाही. दारूने कोणाची मजुरी कोणाच्या खिशात जाते, हे त्यांना नेमके उमगले होते. रस्त्यावरच्या दारूचा प्रश्न त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे.

म्हणून या हंगामापासून काही मागण्या धराव्यात. कारखान्याच्या आवारात चालकांसाठी शेकोटी, चहा आणि पाठ टेकण्यापुरती जागा असावी. फाटकातून बाहेर पडताना कामगार प्रतिनिधीच्या समक्ष श्वासतपासणी व्हावी. कोणी प्यालेला आढळल्यास त्याची खेप बदली चालकाने न्यावी आणि त्याला त्या रात्री थांबवून घ्यावे. पोलीस ठाण्यात अटकेची वेळ आणि नमुना घेतल्याची वेळ नोंदली जावी व तिची प्रत आरोपीला मिळावी. तालुका विधी सेवा समितीचा दूरध्वनी काट्याजवळ मोठ्या अक्षरांत लावावा. पहिली तीन कामे कारखाना व संघटना यांना कोणाच्या आदेशावाचून करता येतील. उरलेली दोन सरकारकडून करून घ्यावी लागतील. चालकाचा परवाना आणि पादचाऱ्याचा जीव ही एकमेकांविरुद्ध उभी असलेली हिते आहेत, असे मालकवर्गाला भासवू देऊ नये. दोघांचीही घरे याच रस्त्याच्या कडेला आहेत.