सुटून आलेला आपला माणूस



आज जरा अवघड विषयावर बोलायचे आहे. गावातला एखादा माणूस तुरुंगात जातो. शिक्षा भोगून परत येतो. मग आपण काय करतो? तो पारावर येऊन बसला की आपण उठून जातो. त्याला कामाला बोलवीत नाही. शाळेत त्याच्या पोराला बाकीची पोरे चिडवतात. कोर्टाने दिलेली शिक्षा संपली. पण गावाने दिलेली शिक्षा कधी संपायची? तिला तारीखच नसते.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुरुंगात गेलेला प्रत्येक जण गुन्हेगार ठरलेला नसतो. 2022 सालच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात दर 100 कैद्यांमागे सुमारे 75 कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही तो. त्यांतले कित्येक निर्दोष सुटतात.

तुम्ही म्हणाल, ‘ज्याने खरेच गुन्हा केला, त्याचे काय?’ त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. पूर्वी तो मुलूख औंध संस्थानात होता. 1939 साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ही वसाहत काढली. कल्पना होती मॉरिस फ्रिडमन यांची. ते मूळचे पोलंड देशातले इंजिनियर. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तिथे आणले. उंच भिंत नाही, पायात बेडी नाही. कैदी शेती करू लागले. बायकामुलेही जवळ राहू लागली. या प्रयोगावरूनच व्ही. शांताराम यांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा काढला.

यातून काय शिकायचे? हाताला काम, जवळ घरची माणसे आणि थोडा विश्वास मिळाला, तर माणूस सावरतो.

हे तिन्ही आपल्याला देता येते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांत पडकईची रीत आहे. भातखाचराचे काम सगळ्यांनी मिळून करायचे. आज तुझे, उद्या माझे. त्या पडकईला त्यालाही हाक मारा. नारायणगाव-मंचरकडे टोमॅटो-कांद्याची कामे असतात. तिथे त्याला घ्या. मजुरी मात्र इतरांइतकीच द्या. अडलेला आहे म्हणून कमी पैशांत राबवू नका.

रेशनकार्डावर त्याचे नाव आहे का, ते पाहा. मतदार यादीतही पाहा. शिक्षा भोगून सुटलेल्याला मत देता येते. कोर्टाचे काही काम उरले असेल, तर जुन्नर आणि घोडेगाव इथल्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि गरिबांना तिथे फुकट वकील मिळतो.

आता दुसरी बाजू. ज्या घराला त्याने दुखावले, ते घरही आपलेच आहे. ‘झाले गेले विसरा’ असे त्यांना बजावू नका. ती जखम त्यांची आहे. सुटून आलेल्यानेही त्यांच्यापुढे तोरा मिरवू नये. दारूपासून आणि जुन्या संगतीपासून दूर राहावे. विश्वास एका दिवसात मिळत नाही. तो कामाने मिळवावा लागतो.

पण त्याला काम तर द्याल ना? सगळी दारे बंद झाली, की माणूस पुन्हा जुन्या वाटेला लागतो. मग नुकसान साऱ्या गावाचे होते.

म्हणून मंडळी, तो एस. टी. तून उतरलेला दिसला, तर तोंड फिरवू नका. विचारा, ‘कधी आलास? जेवलास का?’ सुरुवात एवढ्यापासूनच होते.